सात तालुके टेबलाखाली

थोडेसे लिनक्स येणाऱ्या माणसापासून त्याच्या घरच्यांनी जपून राहावे. ज्याला पुरते येते तो चालू यंत्राला हात लावत नाही. ज्याला मुळीच येत नाही त्याला हात कुठे लावायचा हेच ठाऊक नसते. मधल्या पायरीवरचा गडी मात्र रात्री सगळे झोपले की उठतो आणि बरे चाललेले सुधारायला घेतो. २००७ साली मी भंडाऱ्यात याच पायरीवर ठाण मांडून बसलो होतो.

माझा संगणकाचा क्लास होता. क्लासला ब्रॉडबँड होते, ब्रॉडबँडला महिन्याला १ जीबीची मर्यादा होती आणि त्या मर्यादेच्या मुळावर उठलेले माझे विद्यार्थी होते. सगळ्या संगणकांवर एकाच वेळी ऑर्कुट उघडले की तेच चित्र आणि तोच निळा पट्टा प्रत्येकासाठी वेगवेगळा उतरायचा. महिन्याचा कोटा पंधरवड्यातच आटोपायचा.

उपाय म्हणून मी स्क्विड बसवला. हा १९९६ पासूनचा फुकट मिळणारा कॅशिंग प्रॉक्सी. एकाने मागवलेले पान तो स्वतःजवळ ठेवून घेतो आणि दुसऱ्याने मागितले की बाहेर न जाता तेच काढून देतो. कोटा महिनाअखेरपर्यंत पुरू लागला. बायको म्हणाली, "झालं ना आता? रात्री झोपा." शहाण्या माणसाने झोप घेतली असती. मी माहितीपुस्तिकेचे पुढचे पान उलटले.

पुढच्या पानावर असे होते की स्क्विड एकटा राहत नाही, त्याला भावंडे असू शकतात. आपल्याजवळ पान नसले की तो भावंडांना आयसीपी नावाचा इवलासा निरोप धाडतो: हे पान तुझ्याकडे आहे का? १९९७ च्या सप्टेंबरात या निरोपांचे नियम आरएफसी २१८६ आणि २१८७ मध्ये नोंदवले गेले. भावंडाजवळ पान असेल तर ते देते. नसेल तर नाही म्हणते आणि आपल्यासाठी बाजारात जात नाही. इथवर सगळे आमच्याकडच्या रीतीप्रमाणेच होते. पण भावंडे वाढली की निरोप वाढतात, म्हणून पुस्तिकेने दुसरा मार्ग सुचवला होता: मल्टिकास्ट. २२४ ते २३९ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांपैकी एक पत्ता ठरवायचा आणि सगळ्या भावंडांनी त्या गटात नाव घालायचे. मग त्या पत्त्यावर धाडलेला एकच निरोप सगळ्यांना पोचतो.

हे मी वर्गात दवंडीचा दाखला देऊन शिकवले. कोतवाल गावात दारोदार कड्या वाजवत फिरत नाही. चौकात उभा राहतो, डफडे वाजवतो, एकदाच ओरडतो. ज्याला घेणे आहे तो ऐकतो आणि ज्याला उत्तर द्यायचे आहे तो मागाहून स्वतः येऊन देतो. लाखांदूरकडची एक मुलगी मागच्या बाकावरून म्हणाली, "सर, मंग कोतवालाच्या घरच्यांले कोन सांगते?" वर्ग हसला. मीही हसलो आणि ज्ञानी चेहरा करून म्हणालो, "त्याच्या घरात त्याचाच आवाज पोचणार नाही, असं कसं होईल?" तिने हे वहीत लिहून घेतले. ती वही आता कुठे आहे कोण जाणे, पण ती हरवली असेल तर माझी हरकत नाही.

माझ्या डोक्यात मोठी योजना होती. भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी अशा सातही तालुक्यांत क्लासची एकेक शाखा, प्रत्येक शाखेत एक स्क्विड, आणि सगळे एकमेकांना मल्टिकास्टने पाने मागताहेत. जिल्ह्यात एकदा आलेले पान पुन्हा बाहेरून आणायचेच नाही! स्वप्न सात शाखांचे होते आणि भांडवल एका संगणकाचे. पण मोठी माणसे धरण बांधण्याआधी त्याची छोटी प्रतिकृती करतातच की. म्हणून मी ठरवले की आधी सातही तालुके एकाच डब्यात वसवायचे. डबा टेबलाखाली होता आणि त्यात २५६ एमबी मेमरी होती. १९९९ च्या १ मे ला गोंदिया वेगळा झाला हे माझे नशीब. नाहीतर त्याच डब्यात आणखी आठ तालुके घुसवावे लागले असते.

पहिला स्क्विड चालूच होता, त्याला भंडारा नाव दिले. दुसरा, म्हणजे तुमसर, सुरू करायला गेलो तर उत्तर आले की स्क्विड आधीच चालू आहे. ते मलाही दिसत होते. स्क्विड आपला प्रोसेस क्रमांक एका फायलीत लिहून ठेवतो आणि तुमसर भंडाऱ्याचीच फाईल वाचत होता. फाईल वेगळी केली तर ३१२८ क्रमांकाचे पोर्ट भंडाऱ्याने अडवलेले. पोर्ट वेगळे केले तर दोघे एकाच गोदामात माल टाकायला लागले. मग प्रत्येकाला वेगळे गोदाम दिले. स्क्विड आपल्या गोदामात रीतीप्रमाणे १६ मोठे कप्पे करतो आणि प्रत्येकात २५६ लहान, म्हणजे ४,०९६. सात तालुक्यांचे झाले २८,६७२. हे सगळे रिकामे कप्पे बनत असताना हार्ड डिस्क करकरत होती आणि क्लासमधला मदतनीस पोट्टा पडद्यासमोर उभा राहून म्हणाला, "सर, सातही चालू झाले, पन माउस नाही हालून रायला."

सातही जण एकाच यंत्राचे नाव सांगत होते. एकाने दुसऱ्याकडे मागणी केली की दुसरा पाकिटावर आपलेच नाव बघून म्हणे, ही तर माझीच मागणी फिरून आली, आणि नोंदवहीत गरगर फिरल्याचा इशारा लिहून ठेवी. म्हणून प्रत्येकाला तालुक्याचे वेगळे नाव दिले. मल्टिकास्ट गटासाठी मी पत्ता निवडला २३९.३६.३६.३६. २३९ ने सुरू होणारे पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले असतात, आणि ३६ का ते आमच्याकडच्या मोटारीच्या पाट्या पाहिलेल्यांना सांगायला नको. एमएच-३६ म्हणजे भंडारा. हा पत्ता सुचला त्या संध्याकाळी मी स्वतःवर इतका खूश होतो की बायकोने काय झाले म्हणून विचारले. मी सांगितले. तिने पुढे काही विचारले नाही.

निरोप किती दूर जाऊ द्यायचा हेही ठरवता येते. त्यासाठी टीटीएल नावाचा आकडा असतो. ३२ च्या आत ठेवला तर निरोप आपल्या आवारात राहतो, ६४ च्या आत असेल तर आपल्या प्रदेशात आणि १२८ च्या आत असेल तर आपल्या खंडात. मी १२७ दिला. भंडाऱ्याने हाक मारली तर आशियाने ऐकावी, असा माझा हिशोब होता.

मल्टिकास्टने लिहिण्याचे कष्ट वाचतील असे वाटले होते, पण तेही नाही. हाक सगळ्यांसाठी एकच असली तरी उत्तर देणाऱ्या प्रत्येकाचे नाव आधी यादीत घालून ठेवावे लागते. यादीत नसलेल्याचे उत्तर स्क्विड विचारात घेत नाही. प्रत्येक तालुक्याच्या फायलीत बाकीच्या सहा तालुक्यांची नावे, म्हणजे ४२ ओळी. त्यात एकच यंत्र दोनदा लिहिले आहे अशी तक्रार आली, म्हणून प्रत्येक ओळीला आणखी एक टोपणनाव. हे सगळे टंकून झाल्यावर मी देवापुढे उदबत्ती लावली आणि जिल्हा सुरू केला.

स्क्विडची एक चांगली सवय आहे. गटात कितीजण ऐकत आहेत हे तो गृहीत धरत नाही. अधूनमधून तो एक चाचणीची हाक मारतो, दोन सेकंद वाट पाहतो, आलेली उत्तरे मोजतो आणि त्यावरून यापुढे किती उत्तरांची अपेक्षा ठेवायची ते ठरवतो. थोडक्यात, तो जनगणना करतो. भंडाऱ्याने हाक मारली. दोन सेकंद गेले. एकही उत्तर आले नाही. तुमसरने केलेल्या जनगणनेतही शून्य, साकोलीच्याही शून्यच. सरकारच्या २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ भरली. माझ्या जनगणनेत आख्ख्या जिल्ह्यात चिटपाखरू नव्हते.

काय चालले आहे ते कळावे म्हणून मी सातही फायलींत नोंदींची पातळी ९ केली. ९ म्हणजे स्क्विडने श्वास घेतला तरी वहीत लिहायचे. (ही पातळी पुन्हा खाली आणायची असते, हे ध्यानात असू द्या. माझ्या राहिले नाही.) शिवाय टीसीपीडंप लावून नेटवर्क कार्डावर पाळत ठेवली. निरोप जात होते! २३९.३६.३६.३६ ला, अगदी शिस्तीत, एकामागून एक. डब्यातून निघायचे, तारेतून स्विचमध्ये शिरायचे आणि स्विच ते सगळीकडे वाटून टाकायचा. भिंतीलगतच्या विद्यार्थ्यांच्या सगळ्या संगणकांचे हिरवे दिवे दर हाकेसरशी लुकलुकायचे. ज्यांना घेणेही नव्हते आणि देणेही नव्हते त्या सगळ्यांना हाक पोचत होती. ज्या सहाजणांसाठी ती मारली होती ते त्याच डब्यात, एकाच मेमरीत अंग चोरून बसलेले, आणि त्यांच्या कानी काही नाही.

लिनक्सचा दोष म्हणावा तर तसेही नव्हते. मल्टिकास्टने बाहेर धाडलेल्या निरोपाची एक प्रत त्याच यंत्रातल्या ऐकणाऱ्यांना परत द्यायची, असा लिनक्सचा मूळचा रिवाज आहे. कुणीतरी तो मुद्दाम बंद केल्याशिवाय बंद होत नाही. मी केला नव्हता. मग कोणी केला?

स्क्विडचा मूळ कोड सगळ्यांना खुला आहे. त्यात मल्टिकास्ट नावाची एक लहानशी फाईल आहे. ती उघडली तेव्हा रात्र बरीच झाली होती आणि भारनियमनामुळे पंखा बंद होता. इन्व्हर्टरवर फक्त डबा आणि मी. फायलीच्या वरच्या बाजूला एक बारकासा चल होता, त्याची किंमत शून्य. खाली स्क्विड गटात सामील होतो ती ओळ, आणि तिला चिकटूनच पुढची: सामील झालेल्या सॉकेटचा मल्टिकास्ट लूप हा पर्याय घ्या आणि तो त्या शून्यावर ठेवा. म्हणजे गटात नाव घालताक्षणी स्क्विड आपली हाक आपल्याच यंत्रात परत येऊ देत नाही. कोतवालाच्या घरच्यांना कोणीच सांगत नाही! मागच्या बाकावरच्या मुलीने जे विचारले होते ते कोडमध्ये छापलेले होते, आणि मी तिला हसलो होतो.

लिहिणाऱ्याचे तरी काय चुकले? ज्याने हाक मारली त्यालाच ती ऐकू येऊन त्याने स्वतःला उत्तर देत बसू नये, एवढाच त्याचा साधा विचार असावा. एकाच डब्यात सात स्क्विड पाळून त्यांना तालुक्यांची नावे देणारा इसम जगात असेल, हे त्याने गृहीत धरले नव्हते.

इथे थांबायला हवे होते, पण शून्याचा एक करणे हे इतके सोपे दिसते की मधल्या पायरीवरच्या माणसाला राहवत नाही. मी एक केला आणि कोड पुन्हा बांधायला लावला. बांधकाम निम्म्यावर आले तोवर इन्व्हर्टरनेही मान टाकली. वीज आल्यावर पुन्हा सुरुवात केली, आणि सकाळी जिल्हा नव्याने चालू केला. आता मात्र हाक सगळ्यांना ऐकू आली! सातही तालुक्यांनी उत्तरे दिली. ती सगळी पवनीला गेली.

याचे कारणही रीतसर होते. गटाला हाक मारताना पोर्टाचा क्रमांक एकच असावा लागतो, म्हणून सातही जण ३१३० या एकाच यूडीपी पोर्टावर बसले होते. लिनक्स अशी दाटी चालवून घेतो. मल्टिकास्टचा निरोप तो त्या पोर्टावरच्या सगळ्यांना वाटतो. पण उत्तर मल्टिकास्टने येत नाही, ते एकट्याच्या नावाने येते, आणि असे पत्र तो त्या दाटीतल्या एकालाच देतो, माझ्या बाबतीत सगळ्यांत शेवटी येऊन बसलेल्याला. सगळ्यांत शेवटी सुरू झालेला तालुका पवनी. भंडाऱ्याने विचारायचे आणि उत्तर पवनीला मिळायचे. मोहाडीने विचारायचे, उत्तर पवनीलाच. पवनीला कशाचाच संदर्भ लागत नव्हता. बरे, पत्ता एक, पोर्ट एक, तेव्हा कोणते उत्तर कोणाचे हेही कळायला मार्ग नाही. पोर्ट वेगळे करावेत तर हाक एकालाच पोचते. प्रत्येकाला वेगळा आयपी देऊन त्याला तिथेच बांधावे तर गटाच्या पत्त्यावर आलेला निरोप तो माझा नाही म्हणून घेतच नाही. भंडाऱ्याला निघालेल्या आगगाडीसारखा कुठूनही गेलो तरी पोचायचो वरठीलाच.

तोवर मी या जाळ्याचे उद्घाटन ठरवून बसलो होतो. उन्हाळा होता, नव्या बॅचचे प्रवेश चालू होते आणि जाहिरात हवी होती. पेंटरभाऊंना सांगितले, "सात तालुके, एक जाळे" असे लिहा आणि कोपऱ्यात स्क्विडचे चित्र काढा. स्क्विड म्हणजे काय असे त्यांनी विचारले. मी सांगितले, समुद्रातला प्राणी आहे, त्याला खूप पाय असतात. आमच्या तलावांच्या जिल्ह्यात वाढलेल्या त्या कलावंताने एका देखण्या रोहूला आठ पाय काढले आणि जाळे म्हटल्यामुळे त्याला जाळ्यात पकडले.

उद्घाटनाच्या आदल्या रात्री मी निमूटपणे मल्टिकास्ट काढून टाकला. प्रत्येक तालुक्याला आयसीपीसाठी वेगळे पोर्ट दिले आणि त्याच ४२ ओळींत साधी दारोदारची विचारपूस लावली. ती लगेच चालली. तुमसरने मागितले, साकोलीने दिले, अशी नोंद वहीत उमटली तेव्हा मला भरून आले. ऊर भरलेला असतानाच लक्षात आले की साकोलीने दिले म्हणजे त्याच हार्ड डिस्कच्या एका कोपऱ्यातले पान दुसऱ्या कोपऱ्यातल्याने मागून घेतले. एकच स्क्विड असता तर विचारायची गरजच पडली नसती. मी स्वतःशीच सात आवाजांत सल्लामसलत करत होतो आणि त्याला जाळे म्हणत होतो.

उद्घाटनाला एक निवृत्त मुख्याध्यापक आले. नारळ फुटला, पितळी लोटा आणि शाल देऊन सत्कार झाला. मी भाषणात सांगितले की आता आपण एखादे पान मागितले तर आधी सातही तालुक्यांना विचारले जाते. गुरुजी म्हणाले, "मंग माझ्या नातवाचा बारावीचा निकाल काढून दाखवा." मी संगणकावर बसलो, आसनक्रमांक टाकला, आणि पान क्षणात समोर! टाळ्या कडाडल्या. गुरुजी उभे राहून म्हणाले, "सात ठिकाणी विचारून एवढ्या लवकर! आमच्या वेळी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फाईल जायाले महिना लागे."

पान इतक्या लवकर का आले ते मला ठाऊक होते. निकालाच्या पत्त्यात प्रश्नचिन्ह असते. पत्त्यात प्रश्नचिन्ह दिसले की असे पान जपून ठेवण्यासारखे नाही आणि भावंडांना विचारण्यात अर्थ नाही, असे समजून थेट बाहेर जाण्याची सूचना स्क्विडच्या मूळ फायलीत आधीपासून दिलेली होती. तिला मी हात लावला नव्हता. माझ्या हातून सुटलेली ती एकच ओळ, आणि तिनेच माझी अब्रू राखली. काम लवकर झाले, कारण एकाही तालुक्याला विचारले नव्हते. जिल्ह्याच्या कारभाराबद्दल मला जे थोडे कळते ते त्या दिवशी कळले.

दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बातमी आली: सातही तालुके संगणकाच्या जाळ्याने जोडले गेले. बातमीचे कात्रण भिंतीवर लावतो न लावतो तोच दारात एक गृहस्थ उभे राहिले. डोक्याला रुमाल, हातात पिशवी, धोतर धुळीने माखलेले. जिल्ह्याच्या पार दक्षिणेच्या टोकावरून एसटीने आले होते.

"नमस्कार जी. पेपरात वाचलं. आमच्या लाखांदूरचं सेंटर नेमकं कुठं हाय? बसस्टँडपासून साऱ्यांले विचारून आलो, कोनालेच मालूम नाही."

ज्या शहराचे भंडारा रोड नावाचे रेल्वे स्टेशन वरठीत आहे, त्या शहरात लाखांदूरचे केंद्र टेबलाखाली असायला खरे तर हरकत नव्हती. पण हे त्यांना कसे सांगावे ते मला सुचेना. मी त्यांना पाणी दिले, चहा मागवला. टेबलाखाली डब्याचा पंखा घोंघावत होता, आणि लाखांदूरच्याच माणसाचा पाय लाखांदूरला लागतो की काय, अशी मला धास्ती.

चहा झाल्यावर त्यांनी पिशवीतून गुणपत्रिकांची पुडी काढली. "पोरगा बी.कॉम. झाला जी. कंप्युटरबी शिकला. लाखांदूरले तुमच्या सेंटरात एखादी जागा असंन तं पाहा."

"सध्या तिथं जागा नाही," मी म्हणालो.

यात एक अक्षरही खोटे नव्हते. नोंदींची पातळी सातही तालुक्यांत अजून ९ वरच होती आणि हार्ड डिस्क शंभर टक्के भरल्याचा इशारा सकाळीच येऊन पडला होता.